कोरडा क्लच ओला होतो तेव्हा

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॉकटन गावाजवळची त्रिभुज प्रदेशातली जमीन अतिशय सुपीक, पण इतकी भुसभुशीत की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तिच्यात रुतून बसत. चाके रुंद करून पाहिली, पण तीही पुरी पडेनात. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी बेंजामिन होल्ट यांनी चाकांऐवजी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवलेला ट्रॅक्टर तिथे चालवून पाहिला. वजन मोठ्या क्षेत्रफळावर विभागले गेले, जमिनीवरचा दाब घटला आणि यंत्र रुतेनासे झाले. पुढे १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट यांच्या कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर कंपनी स्थापन झाली.

पण पट्ट्यांचे यंत्र वळवायचे कसे? सुरुवातीला पुढे एक सुकाणू-चाक असे. ते गेले आणि सारे काम दोन क्लचवर आले. डाव्या-उजव्या पट्ट्यासाठी एकेक क्लच. डावा दांडा ओढला की डाव्या पट्ट्याची शक्ती तुटते, उजवा पुढे जात राहतो आणि ट्रॅक्टर डावीकडे वळतो. अधिक चटकन वळायचे तर डावा ब्रेकही लावायचा. तीव्र उतारावर मात्र गंमत उलटी होते. तिथे इंजिनच यंत्राला रोखून धरत असते. डावा क्लच सोडला की डावा पट्टा मोकळा होऊन जोरात धावतो आणि ट्रॅक्टर उजवीकडे वळतो! नवख्या चालकासाठी ही गंमत जीवघेणी ठरू शकते.

हे क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या तबकड्या. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबतात आणि घर्षणामुळे त्या एकत्र फिरतात. जुन्या यंत्रांत ही रचना कोरडी असे. तिची जागा मात्र अडचणीची: एका बाजूला गिअरपेटीतले तेल, दुसऱ्या बाजूला अंतिम गिअरचे तेल. मधले सील झिजले की तेल आत झिरपे आणि क्लच घसरू लागे. उलट पाणी शिरले आणि यंत्र महिनोन्‌महिने उभे राहिले, तर तबकड्या गंजून एकमेकींना चिकटत. मग दांडा ओढला तरी क्लच सुटत नसे. शिवाय दर वळणाला निर्माण होणारी उष्णता वाहून न्यायला आत काहीच नसे.

मग तबकड्या तेलातच का बुडवू नयेत? कल्पना नवी नव्हती. इंग्रज अभियंते हेन्री हेले-शॉ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मोटारींसाठी तेलातला, अनेक तबकड्यांचा क्लच केला होता. जवळजवळ ठेवलेल्या दोन काचांमधून द्रव कसा वाहतो, याचा त्यांचा अभ्यास आजही प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मोठ्या ट्रॅक्टरांतही तेलातले क्लच आले.

मात्र जुन्या कोरड्या क्लचमध्ये नुसते तेल ओतून भागत नाही. कोरड्या अस्तराचा घर्षणांक साधारण ०.३५ असतो, तेलात तो ०.१ च्या आसपास येतो. दाब, त्रिज्या आणि तबकड्या त्याच ठेवल्या, तर क्लचची पकड एक-तृतीयांशाहूनही कमी उरते. म्हणून तेलात चालणारे अस्तर, जास्त तबकड्या किंवा जोरकस स्प्रिंगा आणि पक्के सील हवेत. ब्रेकचा पट्टाही त्याच कप्प्यात असेल, तर त्याचेही अस्तर बदलावे लागते. स्प्रिंगा जोरकस झाल्या की दांडा हाताला जड जातो; म्हणून तेलाच्या दाबाची मदत घ्यावी लागते. तेल घट्ट असेल तर तबकड्या नीट सुटत नाहीत. एक अडचण सोडवली की दुसरी उभी राहते. अभियांत्रिकीचा इतिहास बराचसा असाच घडला आहे.

अशा दुरुस्तीत एक धोका ध्यानात ठेवायलाच हवा. जुन्या अस्तरांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचे आजार आणि कर्करोग होतो. ब्रिटनने १९९९ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. तेव्हा जुना क्लच उघडून हवेच्या फवाऱ्याने साफ करणे म्हणजे आजाराला आमंत्रणच.

आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलातच असतो, बहुतेक मोटारींचा कोरडा. गावातल्या गॅरेजमध्ये विद्यार्थ्यांना नेऊन मिस्त्रींकडून दोन्ही पाहावेत. वर्गात तळहात आधी कोरडे, मग तेल लावून घासायला सांगावे. उष्णता कुठे जास्त, पकड कुठे कमी, हे पाठ्यपुस्तक न उघडताही कळेल.