कोळसा किती उगाळायचा?

दिवाळीच्या आगेमागे ग्वाल्हेरला गोरखीच्या गच्चीवरून किल्ला धूसर दिसायला लागतो. धुकं अजून दीड महिना लांब असतं. डबरा-भितरवारकडे, हरसीच्या कालव्याखाली, भात यंत्राने कापून झालेला असतो आणि रानात उरलेली पराली पेटवलेली असते. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास लष्कर हे शहर वसवलं, तेव्हापासून या भागात मराठी घरं आहेत. त्यांतल्या कित्येकांची थोडीफार जमीन त्याच पट्ट्यात आहे किंवा होती. त्यामुळे धुराची चर्चा आमच्याकडे तिन्हीत्रिकाळ चालते आणि अलीकडे ती एकाच वाक्यावर येऊन थांबते : ‘पराली जाळायची कशाला? तिचा बायोचार करा आणि शेतात घाला. निकस जमीन सोन्यासारखी होते.’

व्याख्यानांतून ऐकलेलं हे वाक्य आता लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतं. पराली जाळू नये, हे मला मान्यच आहे. भांडण आहे ते ‘सोन्यासारखी होते’ या शब्दांशी.

शास्त्रार्थाच्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी आणि त्याच्या पूर्ण बळासकट मांडतो. काडीकचरा हवा कमी ठेवून चारशे-पाचशे अंशांवर तापवला की त्याची राख न होता कोळसा होतो. वनस्पतीतला जवळजवळ निम्मा कर्ब त्यात टिकतो आणि शेकडो वर्षं कुजत नाही. कोळसा सच्छिद्र असतो, म्हणून पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो, सूक्ष्मजीवांना आसरा देतो. याला पुरावा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथली जमीन पावसाने अन्नद्रव्यं धुऊन गेल्यामुळे आंबट आणि निःसत्त्व झालेली आहे. तिच्यात मधे मधे काळ्याभोर मातीचे तुकडे सापडतात, त्यांना ‘तेरा प्रेता’ म्हणतात. विम सोम्ब्रूक या डच मृदाशास्त्रज्ञाने १९६६ च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याकडे लक्ष वेधलं. युरोपीय तिथे पोचण्याच्या कितीतरी आधी तिथल्या माणसांनी घडवलेली ही माती अजून पिकते, आणि तिच्यात कोळसा खच्चून भरलेला आहे. मग आपण का करू नये?

आता उत्तरपक्ष. त्या काळ्या मातीत कोळसा आहे हे खरं, पण नुसता कोळसा नाही. तिच्यात माशांची आणि जनावरांची हाडं, खापरं, राख, खरकटं आणि माणसांची विष्ठाही आहे. ती वस्त्यांच्या उकिरड्याची माती आहे. तिच्यातलं भरपूर स्फुरद आणि चुना मुख्यतः हाडांमधून आला. लाकडाच्या कोळशात एवढं स्फुरद येणार कुठून? पुराव्यातली एकच वस्तू उचलायची आणि बाकीच्या गाळायच्या, हा न्याय झाला नाही. खरं तर आपल्याला ही माती परकी वाटायला नको. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजल सांगितलं आहे, मांस-मासे-हाडं शिजवून कुजवलेलं पाणी. यशवंत लक्ष्मण नेने यांनी त्या ग्रंथाला नव्याने उजेडात आणलं. अ‍ॅमेझॉनच्या उकिरड्याचं आणि आपल्या कुणपजलाचं सूत्र एकच आहे. तिथे त्याला कोळशाचं भांडं मिळालं, एवढाच फरक. आपले प्रचारक भांडं घेऊन आले आणि त्यातलं जेवण विसरले.

दुसरा मुद्दा मातीचा, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. २०१७ साली जगभरातल्या प्रयोगांचे आकडे एकत्र तोलून पाहणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उष्ण कटिबंधात बायोचारने उत्पन्न सरासरी २५ टक्के वाढलं आणि समशीतोष्ण प्रदेशात सरासरीने काहीच वाढलं नाही. पंगतीत त्यातला पहिला अर्धा भाग सांगितला जातो. ‘आपण उष्ण देशातले, म्हणजे आपले २५ टक्के पक्के.’ पण हा फरक उन्हामुळे पडलेला नाही. उष्ण कटिबंधातल्या त्या जमिनी बहुतांशी आंबट आणि अन्नद्रव्यांना पारख्या होत्या. कोळशासोबत राख येते, राख अल्कधर्मी असते, तिने आंबटपणा मारला आणि पीक सुधारलं. बऱ्याच अंशी हा चुन्याचाच गुण.

चंबळ-ग्वाल्हेरची माती पाहा. ती आंबट नाही, उलट सामू सातच्या वर, बऱ्याच ठिकाणी आठच्याही पलीकडे. जरा खणलं की कंकर लागतो, म्हणजे चुनखडीचे खडे. अशा जमिनीत आठ-नऊ सामूचा कोळसा टनांनी ओतायचा म्हणजे ज्याला आधीच ताप आहे त्याला गोधडी पांघरायची. सामू चढला की स्फुरद, लोह आणि जस्त पिकाच्या हाती लागत नाहीत. भाताला खैरा रोग होतो, पानांवर तांबूस डाग पडून रोप खुरटतं. पंतनगरला असताना याच नेने यांनी १९६६ साली दाखवून दिलं की ही बुरशी नसून जस्ताची उपासमार आहे. हे माहीत असूनही भाताच्या रानात कोळशाची शिफारस डोळे मिटून करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. जमीन खरोखर चोपण झाली असेल, तर तिला जिप्सम हवा. हा उपचार जुना आहे आणि भाषणात चमकत नाही.

तिसरा मुद्दा तर्काचा. बायोचार कुजत नाही म्हणून तो हवामानाला बरा, आणि तो पिकाचं खत आहे, ही दोन्ही वाक्यं एकाच श्वासात बोलली जातात. जे कुजत नाही ते सूक्ष्मजीवांना खाऊ घालत नाही. शेणखत जमिनीला पोसतं ते संपत जातं म्हणूनच. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचे आनंद कर्वे सूक्ष्मजीवांच्या आहाराबद्दल सतत सांगत आले : त्यांना ऊर्जा देणारं अन्न द्या, बाकीचं ते करतील. त्याच संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करण्याचं तंत्र बसवलं, त्याला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला, आणि तो कोळसा कांडी होऊन चुलीत गेला. हेही ध्यानात ठेवावं. कोळशाला चूल मिळत असेल तर तो शेतात ओतणारा कुणबी मला अजून भेटायचा आहे. कर्ब गाडण्याचे पैसे कोणी मोजणार असेल तर जरूर गाडावा. मात्र तो व्यवहार हवामानाचा म्हणून करावा. त्यावर जमीन सुधारल्याची पावती फाडू नये.

यावर मराठी मंडळी हमखास राब काढतात. ‘आमच्या कोकणात, मावळात भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा, शेण, कवळं पसरून जमीन भाजतात. तो बायोचारच!’ इंग्रजी अमदानीत जंगलखात्याला राब डोळ्यांत खुपला आणि त्यावर मोठा वाद झाला. पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरोल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास करून १९१२ साली तो छापला. राखेतल्या खताइतकंच, किंबहुना जास्तच, त्यांचं लक्ष वेधलं ते माती भाजली जाण्याने होणाऱ्या बदलांनी. राबात कोळसा उरतोही थोडा, पण राबाचं श्रेय त्या थोड्या कोळशाला देणं म्हणजे लग्नातल्या जेवणाचं श्रेय मांडववाल्याला देणं.

आणि हिशेब? प्रयोगात हेक्टरी दहा-पंधरा टन कोळसा सर्रास घालतात. दहाच धरू. शंभर किलो कोरड्या पेंढ्यातून तीस किलो कोळसा निघाला तरी उत्तम, म्हणजे दहा टनांना तेहतीस टन पेंढा. हेक्टरी साडेपाच टन पेंढा धरला तर सहा हेक्टर रान उघडं पडतं, तेव्हा एका हेक्टरची ओटी भरते. पेंढ्यातलं पालाश कोळशात राहतं, नत्र मात्र बरंचसं भट्टीतल्या धुरावाटे निघून जातं. ते पुन्हा युरियाच्या गोणीतून आणायचं. विदर्भ-माळव्यातल्या काळ्या मातीबद्दल तर बोलायलाच नको. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची जी ताकद कोळशाने यावी, ती त्या चिकणमातीत जन्मजात आहे.

इतकं खंडन केल्यावर मंडनाची जबाबदारी येतेच. कोळसा निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. चंबळच्या बेहडाच्या, म्हणजे घळींच्या, काठची रेताड जमीन, जिच्यात पाणी चाळणीसारखं निघून जातं आणि सेंद्रिय कर्ब नावालाच असतो, तिथे तो कामाला येऊ शकतो. कोकणातल्या आंबट जांभ्या जमिनीत तर अ‍ॅमेझॉनचा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडतो. हैदराबादच्या ‘क्रिडा’ या कोरडवाहू शेतीच्या संस्थेने तेलाच्या साध्या पिंपाची भट्टी करून तुराट्या, पऱ्हाट्या, एरंडाच्या काड्या भाजून दाखवल्या. ती दिशा मला पटते. जे जनावर खात नाही आणि लवकर कुजत नाही तेच भट्टीत जावं. गव्हाचा भुसा भट्टीत घालणाऱ्याला आमच्याकडे लोक वेड्यात काढतील, आणि बरोबरच काढतील. आमच्या बेहडांत १९८० च्या दशकात विमानातून विलायती बाभळीचं बी टाकलं. आता ती हटता हटत नाही. तिचा कोळसा करा, कोण अडवतो?

पण कोरडा कोळसा थेट मातीत घालू नका. गच्चीवरच्या मेथीच्या दोन कुंड्यांत मी तो तसाच मिसळला, आणि मेथी पिवळी पडली. रिकामं भांडं आधी स्वतः भरतं. मातीतलं नत्र स्वतःकडे ओढतं. तिसऱ्या कुंडीतला कोळसा महिनाभर गोमूत्र-शेणात मुरवलेला होता. ती मेथी घरी भाजीला पुरली. अर्थात तीन कुंड्यांवरून शास्त्र होत नाही. शिवाय भुकटी केलेला कोळसा फवारलेलं तणनाशकही शोषून घेतो, हे शेतकऱ्याला आधीच सांगायला हवं. नाहीतर तण उगवलं की तो दुकानदाराशी भांडणार.

प्रात्यक्षिकांत एक खोट मला वारंवार दिसते. एका पट्टीत शेणखत आणि कोळसा, शेजारच्या पट्टीत काहीच नाही, आणि मग हिरवेपणाचे फोटो. अरे, शेणखताचं पुण्य कोळशाच्या खात्यावर कसं? तिसरी पट्टी हवी, नुसत्या शेणखताची, तेवढ्याच मापाने.

भितरवारकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला हे पटलं. या रब्बीत मोहरीच्या, म्हणजे आमच्या बोलीत सरसोंच्या, रानात त्याने तीन पट्ट्या आखल्या आहेत : एक कोरी, एक शेणखताची, एक शेणखतात मुरवलेल्या कोळशाची, तीही फक्त ओळींत. कोळसा गेल्या वर्षीच्या सरसोंच्या काड्यांचा करायचा बेत होता, पण वीटभट्टीवाल्याने त्या आधीच भाव करून उचलल्या. मग बांधावरची विलायती बाभूळ तोडली. कापणी मार्चमध्ये आहे. वजनकाटा मी गोरखीतून घेऊन जाणार आहे.