सूरजागडच्या मुलखातील पाठदुखी : एका नोंद न झालेल्या व्याधीचा इतिहास

रोगांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाची दृष्टी स्वाभाविकपणे पटकी, देवी, प्लेग अशा संहारक साथींकडे वळते. ज्या व्याधीने माणूस मरत नाही, परंतु आयुष्यभर वाकून चालतो, तिला इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. पाठीच्या व मानेच्या सांध्यांचे दुखणे ही अशीच एक व्याधी होय. तिची दखल केव्हा व कोणत्या मार्गाने घेतली गेली, याचा विचार करण्यास गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडचा डोंगराळ मुलूख विशेष उपयोगी आहे.

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचे डोंगर हे माडिया गोंडांचे वसतिस्थान आणि त्यांच्या ठाकूरदेवाचे ठाणे. हा मुलूख पूर्वी अहेरीच्या विस्तीर्ण जमीनदारीत मोडत असे. येथील जीवनक्रमात ओझ्याला टाळणे कोणासही शक्य नव्हते. पुरुष खांद्यावर कावड घेत, स्त्रिया डोक्यावर पाणी, सरपण व धान्य वाहत. डोंगरउतारावरील फिरती शेती, सखल जागी भाताची रोवणी, चैत्रात मोहाची वेचणी, वैशाखात तेंदूपानांची तोडणी ही सारी कामे कमरेत वाकूनच करावयाची. त्यात वेठीची भर पडे. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविणे हे रयतेचे कर्तव्य मानले जाई. ग्रिगसन यांनी १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडातील आदिवासी प्रश्नावरील ग्रंथात या प्रथेची दखल घेतली आहे. १९५१ साली जमीनदारी संपुष्टात आली, तरी पाठीवरचा भार गेला नाही. १९४५ साली स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कारखान्याला पुढे कागदासाठी बांबू लागू लागला आणि चांद्याच्या जंगलातील बांबूतोडीला नवी बाजारपेठ लाभली.

एवढ्या भाराखाली वाकलेल्या पाठीविषयी सरकारी दप्तर काय सांगते? १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आल्यानंतर जन्ममृत्यूच्या नोंदीची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे रोग व अपघात असे रकाने असत. हे सर्व रकाने मृत्यूच्या कारणांचे होते. पाठदुखीने कोणी मरत नसल्यामुळे तिला रकाना नव्हता, आणि रकाना नसल्यामुळे ती नव्हतीच, असा समज होण्यास वाव राहिला. अज्ञान हे येथे निरीक्षणाच्या अभावापेक्षा मोजणीच्या पद्धतीतून उत्पन्न झाले, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

शास्त्रीय ज्ञानाचा प्रवाह मात्र अन्यत्र वाहत होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पृष्ठवंशाचे चोवीस व मानेचे आठ संधी गणिले असून या दोन्ही ठिकाणच्या संधींना ‘प्रतर’ असे स्वतंत्र नाव दिले आहे. आधुनिक काळात बोस्टनचे गोल्डथ्वेट यांनी १९११ साली मणक्यांच्या मागील बाजूच्या लहान सांध्यांकडे पाठदुखीचे एक कारण म्हणून लक्ष वेधले. १९३३ साली घोर्मली यांनी त्या दुखण्याला ‘फॅसेट सिंड्रोम’ ही संज्ञा दिली. परंतु लगेच पुढच्या वर्षी मिक्स्टर व बार यांचा सरकलेल्या चकतीवरील निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढील चार दशके वैद्यकाचे लक्ष चकतीवरच खिळून राहिले. १९७६ साली मूनी व रॉबर्टसन यांनी या सांध्यांत औषध टोचून तेथून वेदना उद्भवू शकते हे दाखविले, तेव्हा हा विषय पुन्हा पुढे आला.

या सांध्यांची रचना थोडक्यात अशी. लगतचे दोन मणके पुढील बाजूस चकतीने व मागील बाजूस डावा-उजवा अशा दोन लहान सांध्यांनी जोडलेले असतात. या सांध्यांना कूर्चेचे अस्तर, वेष्टन व स्वतःच्या मज्जातंतूंच्या शाखा असतात. वयोमानाने चकती झिजून उंचीने कमी झाली, की मागील सांध्यांवर अधिक भार येतो. मागे झुकताना किंवा अंग वळविताना पुष्कळदा दुखणे वाढते. मानेतील सांध्यांचे दुखणे डोक्यात व खांद्यात उतरते. डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांची झीज अधिक आढळते, असे घाना देशात झालेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले. तथापि क्ष-किरण चित्रात दिसणारी झीज म्हणजेच वेदनेचे कारण, असे समीकरण मांडता येत नाही. वेदना नसलेल्या माणसांतही अशी झीज सर्रास आढळते.

मृत्यूऐवजी अपंगत्व मोजण्याची पद्धत जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालापासून प्रसार पावली, आणि पाठदुखीचे खरे स्वरूप उघड झाले. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. गडचिरोलीत हे परिवर्तन अधिक साध्या मार्गाने घडले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. पुढे धानोरा तालुक्यातील शोधग्राम येथे, आदिवासी वस्तीच्या धर्तीवर, दंतेश्वरी देवीच्या नावाने त्यांनी दवाखाना उभारला. या संस्थेने मणक्याच्या दुखण्याकडे लक्ष वळविले. मुंबईचे शल्यविशारद डॉ. शेखर भोजराज व त्यांचे सहकारी शोधग्रामला येऊन रुग्ण तपासू लागले. दोन खेड्यांतील प्रौढांची घरोघर पाहणी झाली; तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक प्रौढ त्या वेळी कंबरदुखीने ग्रस्त होते. शतकभर ज्या व्याधीला रकाना नव्हता, ती घरोघर जाऊन विचारताच सर्वत्र आढळली.

उपचाराविषयीचे मतही या काळात पालटले. पूर्वी सांगितली जाणारी दीर्घ विश्रांती आता हितकर मानली जात नाही. शक्य तितके हालते राहणे, पाठीच्या व पोटाच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, शेक, गरजेपुरते अल्पकालीन औषध आणि ओझे उचलण्याच्या रीतीत बदल, यांवर भर दिला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकालीन कंबरदुखीविषयी दिलेल्या मार्गदर्शनातही शिक्षण व व्यायाम यांना महत्त्वाचे स्थान आहे. मात्र हातापायांतील शक्ती जाणे, लघवीवरील ताबा सुटणे, ताप येणे किंवा वजन घटणे ही लक्षणे असल्यास विलंब न लावता वैद्याकडे जाणे आवश्यक ठरते. मणक्याचा क्षय या प्रदेशातून अद्याप नाहीसा झालेला नाही.

सूरजागडच्या डोंगरावर २०२१ पासून लोहखनिजाचे उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे. कावडीची जागा अवजड वाहनाने घेतल्याने मणक्यावरचा भार संपतो असे नव्हे. तासन्‌तास बसलेल्या चालकाच्या पाठीला वाहनाचे हादरे सोसावे लागतात, आणि असे हादरे हे कंबरदुखीचे एक मान्य कारण आहे. खाणीतून किती खनिज बाहेर गेले याचा हिशेब टनांत ठेवला जातो. त्यासाठी राबणाऱ्यांच्या पाठीचा हिशेब ठेवण्यास या वेळी तरी शतकभर थांबावे लागू नये, हाच या इतिहासाचा बोध होय.