कामा रुग्णालयाने घडवलेली मुलगी

सिंगापूरला मुलाबाळांकडे जाऊन आलेले आपले समाजबांधव हल्ली वन-नॉर्थचे नाव घेतात. विषुववृत्ताच्या एक अंश उत्तरेला, म्हणून हे नाव. तिथे 2003 साली बायोपोलिस हे वैद्यकीय संशोधनाचे मोठे संकुल सुरू झाले. आता शाळेतली मुलेही तिथल्या प्रयोगशाळा पाहतात, काम शिकतात. पण याच शहरात 1905 पर्यंत डॉक्टरकीचे शिक्षणच मिळत नव्हते. तान जियाक किम नावाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेऊन वर्गणी जमवली, तेव्हा कुठे शाळा निघाली. पहिल्या वर्गात विद्यार्थी होते 23.

त्याच सुमारास आपल्या समाजाची एक मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकत होती आणि तिने डॉक्टर व्हायचे आधीच ठरवले होते. ती म्हणजे 1890 साली शिमोग्यात जन्मलेली जेरुशा झिराड. (आडनावातच अलिबागजवळचे गाव आहे!) तिची बहीण फार आजारी पडली आणि मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या उपचारांनी वाचली. 1886 सालचे हे बायकांचे रुग्णालय बायका-डॉक्टरच चालवीत. ते पाहूनच त्या लहान मुलीच्या मनाने घेतले.

तेव्हा आपल्याकडे मुलगा पलटणीत, रेल्वेत नाहीतर कचेरीत चिकटला की घरचे निश्चिंत होत. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी 1875 साली मुंबईत समाजाची शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी हायस्कूल झाली. तिने लिहिण्यावाचण्याची सोय केली खरी, पण डॉक्टरकीचा खर्च कुठल्या घराला झेपणार? आमच्या मते खरी अडचण हुशारीची नव्हती, पैशांची होती. जेरुशाबाई ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पुढच्या शिक्षणासाठी टाटांच्या निधीतून कर्ज मिळाले आणि नंतर सरकारी शिष्यवृत्तीही. विलायतेत शिकायला अशी शिष्यवृत्ती मिळालेल्या त्या पहिल्या हिंदी महिला. महायुद्धाच्या धामधुमीत त्यांनी लंडनच्या रुग्णालयात काम केले आणि 1919 साली एम.डी. झाल्या.

ज्या रुग्णालयात बहीण वाचली, त्याच कामा रुग्णालयाच्या त्या 1928 पासून 1947 पर्यंत प्रमुख होत्या. मुंबईत बायका बाळंतपणात का दगावतात, याचा त्यांनी कसून शोध घेतला. तो अहवाल 1941 साली छापला गेला. 1966 साली त्यांना पद्मश्री मिळाली. डॉ. ई. मोझेस रोड आपल्या लोकांना ठाऊक असतो. जेरुशाबाईंचे नाव मात्र नव्या पिढीला सांगावे लागते.

इथे आपली नातवंडे पंधराव्या वर्षापासून मागेन दाविद आदोमच्या रुग्णवाहिकेवर स्वयंसेवक म्हणून जातात. शब्बाथला घरी जेवायला आली की त्यांना ही हकिकत जरूर सांगावी. आपल्यापैकी काहींचा तर जन्मच कामा रुग्णालयातला आहे.