आंतरजालीय शिष्टाचार

आंतरजालीय शिष्टाचार म्हणजे आंतरजालावरील चर्चासमूहांत परस्परांशी लेखी संवाद साधताना पाळावयाच्या संकेतांचा समुच्चय होय. यासाठी 'नेटिकेट' ही संज्ञाही वापरतात. 'नेट' (जाल) आणि 'एटिकेट' (शिष्टाचार) या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगातून ती तयार झाली आहे. हे संकेत कायद्याने बंधनकारक नसतात. त्यांचे पालन सभासदांच्या संमतीवर, समूहाच्या नापसंतीच्या धाकावर आणि काही प्रमाणात नियंत्रकांच्या अधिकारावर अवलंबून असते.

इतिहास

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे विद्यार्थी टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस यांनी १९७९ मध्ये 'यूजनेट' या संगणकीय चर्चाजालाची कल्पना मांडली. १९८० मध्ये ते सुरू झाले. विषयवार विभागलेल्या या जालावर अनोळखी माणसे दीर्घकाळ वादसंवाद करू लागली आणि लेखी चर्चेचे आजचे बहुतेक संकेत तेथे आकाराला आले.

गंभीर विधान व थट्टा यांत गल्लत होऊ नये म्हणून १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन यांनी एक उपाय सुचवला. अपूर्णविराम, संयोगचिन्ह व कंस ही चिन्हे एकापुढे एक मांडून आडवा हसरा चेहरा तयार करावा आणि तो थट्टेची खूण मानावी, असा हा उपाय होता. आजच्या भावचिन्हांचा एक उगम या सूचनेत मानला जातो.

यूजनेटचे सभासद प्रारंभी मुख्यतः विद्यापीठे व संशोधनसंस्थांतील होते. दर सप्टेंबरमध्ये अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांच्या चुकांमुळे काही आठवडे गोंधळ होई आणि जुने सभासद त्यांना रीत शिकवीत. १९९३-९४ च्या सुमारास 'अमेरिका ऑनलाइन'सारख्या व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेट खुले केल्यावर नवागतांचा ओघ वर्षभर चालू राहिला. जुन्यांनी नव्यांना शिकवण्याची पद्धत त्या ओघापुढे अपुरी पडली. या स्थित्यंतराला 'शाश्वत सप्टेंबर' असे म्हटले जाते.

याच काळात अलिखित संकेत लेखबद्ध होऊ लागले. व्हर्जिनिया शे यांचे 'नेटिकेट' हे पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील दहा नियमांपैकी पहिला नियम पडद्यापलीकडे माणूस आहे हे विसरू नये, असा आहे. ऑक्टोबर १९९५ मध्ये 'आरएफसी १८५५' हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. इंटेल कंपनीतील सॅली हॅम्ब्रिज यांनी तो लिहिला होता. हा दस्तऐवज कोणतेही मानक ठरवत नाही, असे त्यातच नमूद आहे. तरीही अनेक संस्थांनी आपल्या नियमावलीसाठी त्याचा आधार घेतला.

प्रमुख संकेत

समूहागणिक तपशील बदलत असला, तरी पुढील संकेत बहुतेक ठिकाणी आढळतात.

आधी वाचन, मग लेखन: नव्या सभासदाने समूहाची रीत समजून घेतल्यावरच लिहावे. आरएफसी १८५५ मध्ये यासाठी एक ते दोन महिन्यांचा काळ सुचवला आहे.

विषयाला धरून राहणे: मूळ चर्चेशी संबंध नसलेला मजकूर स्वतंत्रपणे मांडावा. उत्तर देताना मूळ मजकुराचा केवळ आवश्यक तेवढा भाग उद्धृत करावा.

मताचे खंडन, व्यक्तीचे नव्हे: युक्तिवादातील दोष दाखवणे शिष्टसंमत आहे. लिहिणाऱ्याची जात, लिंग, शिक्षण किंवा हेतू यांवर घसरणे शिष्टसंमत नाही.

रागाच्या भरात न लिहिणे: भावनावेगाने लिहिलेले उत्तर एक रात्र थांबून मग पाठवावे, असे आरएफसी १८५५ सुचवतो.

खासगीपणा राखणे: व्यक्तिगत पत्रव्यवहार संबंधिताच्या परवानगीवाचून उघड करू नये. टोपणनावाने लिहिणाऱ्याची खरी ओळख जाहीर करणे हा गंभीर प्रमाद मानला जातो, कारण त्याचे परिणाम त्या व्यक्तीच्या नोकरीवर, कुटुंबावर व सुरक्षिततेवर होऊ शकतात.

रोमन लिपीत सर्व अक्षरे मोठी लिहिणे म्हणजे ओरडून बोलणे, असाही एक जुना संकेत आहे. देवनागरीत मोठी व लहान असे अक्षरभेद नसल्यामुळे मराठी लेखनाला तो लागू पडत नाही. ओळीने दिलेली उद्गारचिन्हे किंवा संपूर्ण मजकूर ठळक करणे यांतून मात्र तसाच भाव व्यक्त होतो.

कारणमीमांसा

समोरासमोरच्या बोलण्यात आवाजाचा चढउतार, मुद्रा व हातवारे यांमुळे शब्दांचा रोख कळतो आणि ऐकणाऱ्याचा चेहरा पाहून बोलणारा स्वतःला आवरतो. लेखी चर्चेत या दोन्ही गोष्टी नसतात. मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये या स्थितीचे विवेचन करताना संकोच सुटण्यामागे सहा घटक असल्याचे सांगितले. निनावीपणा, अदृश्यता, उत्तर लगेच न मिळणे आणि अधिकारश्रेणीचा प्रभाव कमी होणे यांचा त्यांत समावेश आहे. संकोच सुटल्याने माणसे जशी अधिक कठोर होतात, तशीच ती कधी अधिक मोकळी व सहृदयही होतात, हे सुलर यांनी नोंदवले आहे. एखादे दुःख घरात बोलता न येणारी व्यक्ती अनोळखी समूहात ते लिहू शकते. अशा वेळी मिळणारे एखादे उपहासाचे उत्तर तिला कायमचे गप्प करू शकते. म्हणून शिष्टाचाराचा संबंध केवळ सभ्य दिसण्याशी नसून, चर्चेत कोण टिकून राहतो याच्याशीही असतो.

मराठी चर्चासमूह

मायबोली (१९९६), मनोगत (२००४) व मिसळपाव (२००७) या संकेतस्थळांवर देशोदेशीच्या मराठी भाषकांच्या चर्चांतून स्वतंत्र संकेत व परिभाषा निर्माण झाली. चर्चेच्या विषयाला 'धागा' आणि विषयबाह्य मजकुराला 'अवांतर' म्हणतात. थट्टेच्या वाक्यापुढे 'ह. घ्या.' (हलके घ्या) असे लिहिण्याची किंवा 'दिवे घ्या' असे म्हणण्याची पद्धत आहे. केवळ वाचणारा सभासद 'रोमात' असतो. हा शब्द 'फक्त वाचनासाठी' या अर्थाच्या इंग्रजी संज्ञेच्या आद्याक्षरांवरून आला आहे. एकाच व्यक्तीने घेतलेल्या दुसऱ्या खोट्या सभासदनामास 'डुआयडी' आणि वाद पेटवण्यासाठी केलेल्या लेखनास 'काडी टाकणे' म्हणतात.

मराठीत संबोधनाचा प्रश्नही शिष्टाचाराचा भाग ठरतो. टोपणनावामागील व्यक्तीचे वय ठाऊक नसल्याने 'तुम्ही' किंवा 'आपण' म्हणणे सुरक्षित मानले जाते, तर अकारण 'अरे-तुरे' करणे उद्धटपणाचे समजले जाते. 'मी गेलो', 'मी गेले' अशा क्रियापदांतून लिहिणाऱ्याचे लिंग प्रकट होत असल्यामुळे मराठीत संपूर्ण अनामिक राहणे इंग्रजीपेक्षा कठीण असते.

नियंत्रण

संकेतभंग झाल्यास सौम्य सूचना, मजकूर काढून टाकणे, काही काळ लेखनबंदी व कायमची हकालपट्टी अशा चढत्या क्रमाने उपाय योजले जातात. काही ठिकाणी सभासदांनीच गुण देऊन चांगला मजकूर वर आणण्याची व्यवस्था असते. मुक्त ज्ञानकोश असलेल्या विकिपीडियात 'सद्भावना गृहीत धरा' व 'वैयक्तिक हल्ले नकोत' ही तत्त्वे मान्य आहेत. विकिमीडिया प्रतिष्ठानाच्या विश्वस्त मंडळाने २०२१ मध्ये सर्व प्रकल्पांसाठी सार्वत्रिक आचारसंहिता मंजूर केली.

शिष्टाचार आणि कायदा

असभ्यपणा आणि अपराध यांतील सीमारेषा भारतात न्यायालयासमोर आली होती. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम ६६अ नुसार संगणकाद्वारे त्रासदायक किंवा अत्यंत आक्षेपार्ह मजकूर पाठवणे तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत पाळल्या गेलेल्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल एका तरुणीस आणि त्या मजकुराला पसंती दर्शवणाऱ्या तिच्या मैत्रिणीस पालघर येथे अटक झाली. त्यानंतर या कलमाला आव्हान देण्यात आले. 'श्रेया सिंघल विरुद्ध भारत संघ' या खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. 'त्रासदायक' यांसारखे शब्द संदिग्ध असून त्यांमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होतो, असे न्यायालयाचे मत होते. धमकी, बदनामी इत्यादींसाठीच्या अन्य कायदेशीर तरतुदी मात्र कायम राहिल्या. शिष्टाचाराचा प्रत्येक भंग शिक्षापात्र नसतो, हा भेद या निकालाने अधोरेखित झाला.

टीका

शिष्टाचाराच्या नियमांवर आक्षेपही घेतले जातात. मुद्द्याला उत्तर न देता केवळ बोलण्याच्या सुरावर बोट ठेवल्यास अन्यायाविरुद्धचा रास्त संताप दडपला जातो, असा एक आक्षेप आहे. जुन्या सभासदांची सवय हाच नियम मानला गेल्याने नवागत, बोलीभाषेत लिहिणारे व शुद्धलेखनात कच्चे असणारे दूर राहतात, हा दुसरा आक्षेप होय. अशुद्ध लेखनावरून एखाद्याचा मुद्दाच नाकारणे हाही शिष्टाचाराचा भंग आहे, असे यावर म्हटले जाते. अतिशय सभ्य भाषेतही अपमान करता येतो. त्यामुळे शब्दांची सौम्यता ही शिष्टाचाराची एकमेव कसोटी मानली जात नाही. आपल्याशी सहमत नसलेल्या सभासदालाही चर्चेत राहता येते का, ही कसोटी तिच्याइतकीच महत्त्वाची ठरते.