अभ्यासानें साधणारे गुण

जालन्याहून छत्रपति संभाजीनगरकडे निघालें म्हणजे वाटेंत बदनापूर लागतें. तालुक्याचें हें गांव शेतकरीवर्गांत विशेष ठाऊक आहे तें तेथील कृषि संशोधन केंद्रामुळें. तुरीच्या बियाण्याच्या पिशवीवर ‘बीडीएन’ हीं अक्षरें दिसलीं कीं जाणत्यानें ओळखावें, हें वाण बदनापूरचें. बियाण्याचा गुण त्याच्या जन्मांतच असतो. तो पारखून घ्यावा, पिढ्यान् पिढ्या जपावा, एवढेंच आपल्या हातीं. तुरीच्या दाण्याला मागाहून कांहीं शिकवितां येत नाहीं. मनुष्याचें तसें नाहीं. जन्मतः लाभलेले गुण निराळे आणि अभ्यासानें मिळविलेले निराळे, हा भेद ज्यानें मराठींत अत्यंत स्वच्छपणें मांडला, तो पुरुष याच जालना जिल्ह्यांतील जांब गांवचा होता.

समर्थ रामदासांना आपण संत म्हणून ओळखतों, कोणी राष्ट्रगुरु म्हणतात, आणि त्यांच्या व शिवछत्रपतींच्या संबंधाविषयीं पंडितांचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. त्या वादांत मी आज शिरणार नाहीं. मला त्यांच्याकडे एका निराळ्याच नात्यानें पाहावयाचें आहे. ‘व्यक्तिमत्त्वविकास’ आणि ‘जीवनकौशल्यें’ हे शब्द अलीकडचे. त्या नांवांचीं पुस्तकें आज दुकानांत रचून ठेवलेलीं दिसतात, आणि त्यांतलीं पुष्कळशीं परभाषेंतून उचललेलीं असतात. परंतु ही विद्या आपणांकडे साडेतीनशें वर्षांपूर्वीं ओवीबद्ध झालेली आहे, हें घरोघरीं ‘दासबोध’ असूनहि आपल्या ध्यानीं येत नाहीं.

नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ चा. काळ मोठा चमत्कारिक होता. अहमदनगरचा किल्ला १६०० सालींच मोगलांच्या हातीं गेलेला. निजामशाही मलिक अंबरानें कशीबशी सांवरून धरलेली. जांबपासून फार लांब नसलेलें खडकी शहर त्यानें १६१० सालीं वसविलें. या मुलुखावरून फौजा जात-येत होत्या. चरित्रकारांनीं दिलेल्या कालगणनेप्रमाणें नारायण बाराव्या वर्षीं घर सोडून नाशिकजवळ टाकळीस गेला, बारा वर्षें तेथें राहिला आणि १६३२ सालीं तीर्थाटनास निघाला. १६३० ते १६३२ हीं दख्खनच्या भीषण दुष्काळाचीं वर्षें. पुढें १६४४ च्या सुमारास कृष्णाकांठीं येऊन स्थिरावलेल्या या पुरुषानें उजाड देश डोळ्यांनीं पाहिला होता. त्याच्या उपदेशांत आळसाविषयीं जी चीड दिसते, तिचें मूळ मला तरी येथें सांपडतें. माणसें उपाशी मरत असतां दैवाला बोल लावून बसणें त्याला सोसवत नाहीं.

‘दासबोधा’चे दशक वीस आणि प्रत्येकाचे समास दहा. चवदाव्या दशकांत चातुर्यलक्षणाचा समास आहे, त्यांत प्रस्तुत विषयाची किल्ली आहे. समर्थांचें म्हणणें असें: रूप मनुष्य जन्मतःच घेऊन येतो, तेथें कोणाचा उपाय चालत नाहीं; परंतु अवगुण टाकतां येतो आणि चांगला गुण शिकतां येतो, तेव्हां या मागाहून येणाऱ्या गुणांची कास धरावी. हें वाचावयास सोपें, पण त्या काळीं साधें नव्हतें. ज्या समाजांत जातीनें आणि जन्मानेंच माणसाचें मोल ठरत असे, त्यांत गुण कमावतां येतो असें म्हणणें ही लहान गोष्ट नव्हे. एकोणिसाव्या दशकांत करंटा आणि सदैव अशा दोघांचीं लक्षणें सांगितलीं आहेत. तेथें करंटेपण हें आळस, झोंप आणि निष्काळजीपणा यांच्या संवयींतून आलेलें असतें.

नुसता उपदेश सर्वांनाच करतां येतो. समर्थांची थोरवी तपशिलांत आहे. पहांटे उठावें, पाठ केलेलें आठवावें. बाहेर गेल्यास परततांना रिकाम्या हातीं येऊं नये, कांहीं तरी घेऊन यावें! ही शेवटची सूचना वाचून मला नेहमीं हंसूं येतें. एखाद्या खटपट्या आजोबांचीच ती वाटते. मूर्खलक्षणें वाचतांना आपण प्रथम शेजाऱ्याला हंसतों, आणि पढतमूर्खापर्यंत पोंचलों कीं हंसणें हळूहळू थांबतें.

लेखनक्रियेचा समास तर स्वतंत्रपणें वाचण्याजोगा आहे. अक्षर वाटोळें, सरळ आणि मोकळें असावें, ओळी एकसारख्या याव्यात, काना-मात्रा-वेलांट्या नीट द्याव्यात, समास सोडावा. आणि ग्रंथाचें पहिलें अक्षर जसें, तसेंच अखेरचें असावें, जणूं सारें एकाच टांकानें लिहिलें. बोरू, शाई, कागद, चाकू, कात्री यांची तयारी कशी असावी हेंहि त्यांत आलें आहे. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, म्हातारपणीं तें वाचतां येत नाहीं, ही सूचना आम्हां चष्मेवाल्यांनीं उशिरां वाचली. कामाचा आरंभ उत्साहानें सर्वच करतात. शेवटच्या पानावर हात तोच राहणें ही खरी कसोटी. समर्थांच्या तोंडचा ‘दासबोध’ उतरून घेणारे कल्याणस्वामी या कसोटीला उतरले. त्यांची प्रत डोमगांवच्या मठांत जपून राहिली, आणि धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९०५ सालीं तिच्यावरून ग्रंथ छापून काढला.

आतां एक गोष्ट झांकून ठेवणें इतिहासाला धरून होणार नाहीं. या लेखनसमासाचा आरंभच ब्राह्मणानें अक्षर सुंदर करावें असा आहे. गुण अभ्यासानें येतात असें सांगणारा ग्रंथ लेखणी कोणाच्या हातीं द्यावयाची, हें मात्र रूढीप्रमाणेंच गृहीत धरतो. बोरू हातीं न आलेल्या कुणब्याला आणि माळ्याला हा समास काय उपयोगाचा? अडीचशें वर्षांच्या आंतच, १८४८ सालीं, जोतीराव फुल्यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढून या गृहीताला हात घातला. समर्थांचा विचार त्यांच्या काळाच्या पुढें होता हें खरें, पण तो काळाच्या कुंपणांतच उभा होता हेंहि तितकेंच खरें.

मात्र त्या कुंपणाला एक दिंडी त्यांनीं स्वतःच पाडली होती. बालपणींच वैधव्य आलेल्या बायकांना ज्या युगांत घराचा एक कोपरा एवढेंच जग उरे, त्या युगांत समर्थांच्या शिष्यमंडळींत अक्काबाई आणि वेणाबाई होत्या. अक्काबाईंनीं समर्थांच्या मागें सज्जनगडचा कारभार पाहिला. वेणाबाई बालविधवा, त्यांनीं वाचन केलें, काव्य केलें, आणि समर्थांच्या आज्ञेनें लोकांसमोर उभ्या राहून कीर्तनहि केलें. त्यांचें ‘सीतास्वयंवर’ आज आपणांस वाचावयास मिळतें, आणि मिरजेचा मठ त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.