सासर, राष्ट्र आणि अधिवास : पेण-रोहे येथील बेने इस्राएलांच्या निमित्ताने

मराठीतील ‘सासर’ व ‘माहेर’ ही जोडी जशी नातेदर्शक आहे तशीच अधिवासदर्शकही आहे. विवाहाने स्त्रीचे घर बदलते, पुरुषाचे बदलत नाही, हे तिने गृहीत धरलेले असते. ज्या पुरुषाचे घर बदलते त्याच्यासाठी भाषेने ‘घरजावई’ हा किंचित उपहासाचा शब्द राखून ठेवला आहे. घराबरोबर राष्ट्रही बदलू लागले म्हणजे या गृहीताचे काय होते, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

त्यासाठी कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) बेने इस्राएल समाजाचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखला जाणारा हा समाज. पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे ‘-कर’ प्रत्यय लागून ग्रामनामांवरून सिद्ध झालेली आहेत. पेण येथील त्यांचे सिनेगॉग १८६३ चे होय. म्हणजे अधिवास हाच ज्यांच्या नावाचा धातू, अशी ही माणसे आहेत.

इस्राएलने १९५० साली ‘परतीचा कायदा’ करून प्रत्येक ज्यू व्यक्तीस तेथे वास्तव्याचा हक्क दिला, आणि कोकणातील अनेक कुटुंबे तिकडे गेली. वास्तव्य मिळाले, कामही मिळाले. पण विवाहाचा प्रश्न उभा राहिला. त्या देशात ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारात येतात. १९६२ साली प्रमुख धर्मपीठाने असा आदेश काढला की, बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य ज्यू व्यक्तीशी विवाह लावण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्या राज्याने त्यांना नागरिक मानले, त्याच राज्यातील धर्मपीठ त्यांना वर किंवा वधू मानावयास कचरत होते. याविरुद्ध १९६४ साली जेरुसलेममध्ये सत्याग्रह झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेट या तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर आदेशातून या समाजाचा नामनिर्देश गेला. ‘राहता येते’ आणि ‘लग्न करता येते’ हे दोन भिन्न हक्क आहेत, हे या प्रकरणाने स्पष्ट केले.

१९७० च्या दुरुस्तीने परतीच्या कायद्याचा लाभ ज्यू व्यक्तीच्या जोडीदारास, मग तो ज्यू नसला तरी, मिळू लागला. मात्र आधीच नागरिक असलेल्याने परदेशी व्यक्तीशी विवाह केल्यास हा कायदा लागू होत नाही, अशी भूमिका तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली मान्य केली. अशा जोडीदाराला प्रथम कामाचा परवाना, मग तात्पुरता निवास आणि सुमारे साडेचार वर्षांनी नागरिकत्व, अशी पायरी-पायरीची वाट चालावी लागते. प्रत्येक पायरीवर संसार खरा असल्याचे पुरावे द्यावे लागतात.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याने नोंदणीचा मार्ग भारतीय नागरिकाशी विवाह केलेल्या स्त्रियांनाच खुला ठेवला होता. कायद्याला सून ठाऊक होती, जावई ठाऊक नव्हता! १९८६ च्या दुरुस्तीने ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द आला. आज त्यासाठी सात वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. शिवाय नोंदलेला विवाह दोन वर्षे टिकला असेल तर परदेशी जोडीदारास ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून नोंदणी मिळू शकते. तीमुळे वास्तव्याची मुदत सुटते व बहुतेक नोकऱ्या करता येतात. परंतु मतदानाचा हक्क मिळत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. पेणच्या परिसरातील भातखाचर त्याला सासरचे असेल, पण त्याला ते विकत घेता येणार नाही.

यावरून असे दिसते की, ‘व्यक्ती’ हा एक शब्द स्वीकारून कायदा या बाबतीत रूढ भाषेच्या पुढे गेला आहे. पण जिला कुटुंब एका दिवसात ‘घरची’ म्हणते, तिला राष्ट्र वर्षे मोजून ‘आपली’ म्हणते. या दोन कालगणनांमधील अंतरातच स्थलांतरित जोडीदाराचा संसार मांडलेला असतो, आणि त्या अंतराचा इतिहास कायद्याइतकाच नात्यांच्या शब्दांतूनही शोधला पाहिजे.