मिरजेचे खरेशास्त्री

दिवाळीची झाडलोट निघाली की आमच्या केमच्या घरातल्या माळ्यावरून एक जुना रुमाल खाली उतरतो. आत मोडी कागद. गाव कुंकवाचे, तेव्हा रुमालावरही लाल बोटे उमटलेली! लहानपणी मी म्हणालो, "आजोबा, हे कुणालाच वाचता येत नाही. रद्दीत घालू या." आजोबा म्हणाले, "अरे, मिरजेच्या खरेशास्त्र्यांनी असेच म्हटले असते तर?"

पुढे कुर्डुवाडीला गाडी बदलून, बार्शी लाइट रेल्वेच्या त्या चिमुकल्या रुळांवरून मिरजेला गेलो, तो हेच नाव मनात घेऊन.

वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ चा, गुहागरचा. साताऱ्यास अनंताचार्य गजेंद्रगडकरांपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि पुढे मिरजेच्या शाळेत ते संस्कृत शिकवू लागले. पटवर्धन सरदारांची दप्तरे मिरजेच्या आसपासच होती. शाळा सांभाळून शास्त्रीबोवांनी ते मोडी कागद वाचले, निवडले, उतरून काढले. १८९७ पासून त्यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापून निघू लागला आणि उत्तर पेशवाईतील माणसे स्वतःच्या शब्दांत बोलू लागली.

पण असा माणूस रुक्ष असेल असे समजू नका. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचे गाव. संस्कृत श्लोक वृत्तात म्हटल्यावाचून शिकवता येत नाही. शिकवणाऱ्याला कान लागतोच. शास्त्रीबोवांनी नाटके लिहिली, संगीत नाटकेही लिहिली. १९१८ साली निघालेल्या बळवंत संगीत मंडळीने त्यांचे 'उग्रमंगल' रंगभूमीवर आणले. त्यात पद्मावतीच्या भूमिकेत मास्टर दीनानाथ गात. दप्तरातल्या धुळीत बसणाऱ्या पंतोजीचे नाटक तरुण दीनानाथांच्या गळ्यातून घुमले! १९२४ साली मिरजेतच शास्त्रीबोवांनी देह ठेवला.

मी उतारवयात मोडी शिकलो आणि आमचा रुमाल सोडला. आत राजकारण नव्हते. हळदीच्या उधारीचे हिशेब निघाले. कुणी किती हळद नेली, कुणाचे देणे दुष्काळात सोडले, हे सारे तारीखवार. सोडलेल्या देण्यांपुढे पणजोबांची सही होती. ती पाहून मी बराच वेळ तसाच बसलो.

म्हणून वाचकहो, यंदा माळा झाडताना असा रुमाल हाती आला, तर रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी मोडी जाणणारा कुणी शोधा. आमचा रुमाल लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी ठेवायचा, असे घरात ठरले आहे.